चयापचय बिघडलेलं असलं की साधा फ्लूही जड का जातो?

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४६, वजन थोडं जास्त, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१, रक्तदाब वरच्या सीमेवर आणि त्यासाठी एक गोळी चालू. गेली दोन वर्षं फ्लूसारखा ताप आला की घरातली बाकीची माणसं चार-पाच दिवसांत उठतात, यांना मात्र दोन आठवडे लागतात. खोकला तर महिनाभर रेंगाळतो. त्यांना विचारायचंय ते हे, की प्रतिकारशक्ती कमी झाली आहे का, साखर आटोक्यात आणली तर हे आजार होणारच नाहीत का, आणि त्यासाठी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू करावी का.

मी अनेक वर्षं मधुमेहाचे रुग्ण पाहतो आणि त्यांना फ्लू, कोव्हिड, न्यूमोनिया झाल्यावर वॉर्डातही मीच पाहतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

विषाणू तुम्हाला गाठणार की नाही, हे मुख्यतः समोर कोण खोकलं, खोली किती बंदिस्त होती, लस झालीय का, त्या विषाणूशी आधी गाठ पडलीय का, यावर ठरतं. साखरेचा किंवा वजनाचा त्यातला वाटा लहान. पण एकदा तो आत शिरला की आजार नाकघशापाशी थांबणार की फुप्फुसात उतरणार, आठवड्यात निवळणार की आठव्या-दहाव्या दिवशी ऑक्सिजन लागणार, हे ठरवण्यात चयापचयाचा हात फार मोठा असतो. क्लीव्हलँड क्लिनिकच्या एका अभ्यासात हे स्वच्छ दिसलं. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया कोव्हिडच्या आधीच झालेले सुमारे पाच हजार लोक एका बाजूला आणि त्यांच्याशी जुळणारे, पण शस्त्रक्रिया न झालेले सुमारे पंधरा हजार दुसऱ्या बाजूला. कोव्हिडची लागण दोन्हीकडे जवळजवळ सारखीच झाली, ९ टक्क्यांच्या आसपास. मात्र शस्त्रक्रिया झालेल्यांत रुग्णालयात भरती होण्याची जोखीम ४९ टक्क्यांनी आणि ऑक्सिजन लागण्याची ६३ टक्क्यांनी कमी निघाली.

म्हणून ‘साखर आटोक्यात आणली की फ्लू होणार नाही’ असं मी कुणालाच सांगत नाही. आजार अंगावर कसा निघेल, हे मात्र त्याने बदलतं.

आता ‘प्रतिकारशक्ती कमी’ या शब्दांबद्दल. त्यांच्यामुळे माणसं चुकीच्या दिशेने धावतात आणि ती ‘वाढवणाऱ्या’ बाटल्या आणून ठेवतात. चयापचय बिघडलेल्या शरीरात प्रतिकारयंत्रणेचं वेळापत्रक चुकतं. जे पहिल्या दिवशी जोरात व्हायला हवं ते रेंगाळतं, आणि जे सातव्या दिवशी थांबायला हवं ते थांबत नाही.

पहिला भाग इंटरफेरॉनचा. विषाणू पेशीत शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात, विषाणूच्या प्रती निघण्याचा वेग मंदावतो. ही प्रतिक्रिया पहिल्या काही तासांतली, आणि तिथेच बरंचसं ठरून जातं. लठ्ठपणा असलेल्यांच्या पेशींमध्ये ही सुरुवातीची प्रतिक्रिया दुबळी पडते, असं प्रयोगांत दिसतं. त्यात लेप्टिनचाही संबंध आहे. हे संप्रेरक चरबीच्या पेशी तयार करतात, भूक आवरणं हे त्याचं ओळखीचं काम, पण रोगप्रतिकारक पेशींनाही त्याच्याकडून संदेश मिळत असतात. वर्षानुवर्षं लेप्टिनची पातळी चढलेली राहिली की पेशी त्याला दाद देईनाशा होतात, आणि यंत्रणेला हवा तेव्हा तो संदेश मिळत नाही. उंदरांना चरबीयुक्त आहार देऊन लठ्ठ केलं आणि मग फ्लूचा विषाणू दिला, तर सडपातळ उंदरांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त असतं. हा निष्कर्ष २००७ पासून वेगवेगळ्या प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा आला आहे.

दुसरा भाग न थांबण्याचा. पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठलेली चरबी स्वस्थ पडून नसते. तिच्यात मॅक्रोफेज नावाच्या पेशी घुसून बसतात आणि आयएल-६, टीएनएफ यांसारखे दाह वाढवणारे रेणू थोडे थोडे सतत सोडत राहतात. आजार नसतानाही शरीरात मंद दाह चालू असतो, म्हणजे संसर्ग सुरू होण्यापूर्वीच पातळी चढलेली असते. त्यात इन्शुलिनला शरीर दाद देत नसलं की पेशींमध्ये ग्लुकोजची हाताळणी बदलते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने इथला एक दुवा दाखवला. इन्फ्लुएंझा झाला असताना जादा ग्लुकोज ‘हेक्सोसामाइन’ नावाच्या आडमार्गाला वळतं. तिथे तयार होणारा साखरेचा एक तुकडा आयआरएफ-५ या प्रथिनावर चिकटतो, आणि ते प्रथिन दाहाच्या जनुकांना चालना देतं. सायटोकाइन स्टॉर्म, म्हणजे दाहाच्या रेणूंचा अनावर लोंढा, हा शब्द कोव्हिडच्या काळात सगळ्यांच्या कानावरून गेला. त्याचं एक टोक असं थेट साखरेच्या रसायनात सापडतं.

साखरेचा आणखी एक परिणाम श्वासमार्गाच्या आतल्या ओलसर थरावर होतो, आणि तो रुग्णांना कुणी सांगत नाही. निरोगी माणसात या थरात ग्लुकोज रक्तातल्या प्रमाणाच्या साधारण दहाव्या भागाइतकंच असतं. ते इतकं कमी ठेवण्यासाठी तिथल्या पेशी सतत राबत असतात, कारण गोड ओलावा जिवाणूंना पोसतो. रक्तातली साखर साधारण १२० ते १७५ मिलिग्रॅमच्या टप्प्यात कुठेतरी ओलांडली की नाकाच्या स्रावातही ग्लुकोज सापडू लागतं. विषाणूमुळे श्वासमार्गाचं अस्तर सुजलं की ते आणखी झिरपतं. फ्लूनंतर पाचव्या-सहाव्या दिवशी ताप उतरून पुन्हा चढतो, कफ पिवळा-हिरवा होतो, छातीत दुखतं. हा जिवाणूंचा न्यूमोनिया असतो, आणि साखर चढलेल्या माणसात तो व्हायला जमीन तयार असते.

फुप्फुसाचं यंत्रशास्त्र अगदी साधं आहे. पोटाचा घेर वाढला की श्वासपटल वर ढकललं जातं आणि फुप्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही. आडवं झाल्यावर तर आणखी कमी. निरोगी दिवसांत हे जाणवत नाही, न्यूमोनिया झाला की हाताशी राखीव काही उरत नाही. त्यात झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास असेल तर रात्री ऑक्सिजन आणखी उतरतो. म्हणून अशा रुग्णाला मी तापात सपाट झोपू देत नाही. पाठीला उशा लावून, कुशीवर, शक्य तेवढा वेळ खुर्चीत.

रक्तवाहिन्यांचंही तसंच. इन्शुलिन रेझिस्टन्समध्ये, म्हणजे शरीर इन्शुलिनला दाद देत नसताना, त्यांचं आतलं अस्तर आधीच चिडलेलं असतं, आणि गुठळ्या विरघळवण्याच्या क्रियेला आवर घालणारं पीएआय-१ हे प्रथिन वाढलेलं असतं. त्यावर विषाणूचा दाह चढला की गुठळी होण्याची शक्यता वाढते. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या नोंदींवरून २०१८ मध्ये असं दिसलं, की प्रयोगशाळेत फ्लू सिद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीपेक्षा सुमारे सहापट होता. फ्लूत छातीत जडपणा आला तर ‘खोकून खोकून दुखतंय’ म्हणून सोडून देऊ नका, ईसीजी काढा.

हे सगळं कोव्हिडनेच शिकवलं असं नाही. २००९ च्या एच१एन१ साथीत आयसीयूत येणाऱ्या तरुण रुग्णांमध्ये लठ्ठपणाचं प्रमाण एवढं होतं की अतिलठ्ठपणा हा फ्लूच्या गंभीर आजारासाठी स्वतंत्र धोका म्हणून तेव्हाच नोंदला गेला. २०२० मध्ये तेच चित्र कितीतरी मोठ्या प्रमाणावर समोर आलं. इंग्लंडमध्ये पहिल्या लाटेत रुग्णालयात झालेल्या कोव्हिड मृत्यूंपैकी जवळपास एक तृतीयांश मधुमेहींचे होते. वय वगैरे जमेस धरूनही मृत्यूची शक्यता टाइप २ मधुमेहात सुमारे दुपटीने आणि टाइप १ मध्ये सुमारे साडेतीनपटीने जास्त होती. तुमची ६.१ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, ५.७ ते ६.४ च्या पट्ट्यातली. हे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू नाहीत, पण दिशा तीच आहे.

वजनाच्या काट्यावर फार विसंबू नका. दिसायला सडपातळ, पण पोट सुटलेलं, ट्रायग्लिसराइड चढलेलं, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर असा माणूस चयापचयाच्या दृष्टीने आजारीच असतो. उलट वजन जास्त असून रोज घाम गाळणारा, साखर-रक्तदाब-चरबीचे रिपोर्ट चांगले असणारा माणूस त्याच्यापेक्षा बऱ्या स्थितीत असू शकतो. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे का, हे टेपने मोजा.

आता ज्या मुद्द्यासाठी मी मुळात लिहायला बसलो तो. चयापचय संसर्गावर परिणाम करतं, तसाच संसर्गही चयापचयावर करतो, आणि माणसं सर्वाधिक नुकसान सोसतात ते या दुसऱ्या बाजूकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. ताप आला की शरीर कॉर्टिसॉल आणि ॲड्रिनलिन सोडतं, यकृत साखर बाहेर ओततं. विषाणूविरुद्ध तयार होणारं इंटरफेरॉन-गॅमा स्नायूंना इन्शुलिनला दाद देऊ देत नाही. हेही उंदरांत दाखवलं गेलं आहे, आणि आधीपासून मधुमेहपूर्व अवस्थेत असलेल्या उंदरांना तिथून पूर्ण मधुमेहात ढकलायला ते पुरेसं ठरतं. म्हणजे नीट जेवत नसतानाही साखर चढते. ‘डॉक्टर, मी तर दोन दिवस काही खाल्लंच नाही, मग साखर २६० कशी?’ हे मी प्रत्येक साथीत ऐकतो.

त्यात भर पडते ती स्टिरॉइडची. डेक्सामेथासोनने कोव्हिडमध्ये जीव वाचवले, याबद्दल शंका नाही. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. पण त्याच चाचणीत, ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना कसलाही फायदा दिसला नाही. तरीही साध्या तापाला, ‘लवकर बरं वाटावं’ म्हणून तिसऱ्या दिवशी स्टिरॉइड सुरू झालेले रुग्ण आजही माझ्याकडे येतात. भारतात २०२१ च्या लाटेत म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) जो हाहाकार केला, त्यात अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइडचा बेसुमार वापर ही जोडगोळी होती. फुप्फुसातून वाचलेल्या माणसांचे डोळे आणि जबडे त्यात गेले. ऑक्सिजन उतरलेला नसताना कुणी स्टिरॉइड लिहून दिलं, तर ‘हे कशासाठी?’ असं नम्रपणे पण नक्की विचारा. दमा किंवा सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल तर गोष्ट वेगळी, तिथे त्याला जागा आहे.

आणि स्टिरॉइड घ्यावंच लागलं, तर साखर केव्हा तपासायची हे समजून घ्या. वॉर्डातला एक नेहमीचा शुगर चार्ट डोळ्यांसमोर आणा. सकाळी सहा वाजता उपाशीपोटी १२८. सगळे निर्धास्त. सकाळी नऊला प्रेडनिसोलोनची गोळी. दुपारच्या जेवणानंतर २६५, संध्याकाळी सहाला ३४०, रात्री झोपताना २८०. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा १३५. सकाळी घेतलेल्या स्टिरॉइडची साखर दुपारपासून चढते आणि रात्रीतून उतरते. घरी बसून जो फक्त उपाशीपोटी साखर तपासतो, त्याच्या वहीत हा डोंगर उमटतच नाही. म्हणून स्टिरॉइडवर असाल तर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी ग्लुकोमीटर काढा. एकच वेळ शक्य असेल तर संध्याकाळची.

आजारपणातल्या साखरेला इतकं महत्त्व का द्यायचं? चीनमधल्या हुबेई प्रांतातल्या सात हजारांहून अधिक कोव्हिड रुग्णांच्या नोंदींमध्ये टाइप २ मधुमेहींचे दोन गट पाडले गेले. भरती असताना ज्यांची साखर ७० ते १८० मिलिग्रॅममध्ये राहिली त्यांच्यात मृत्यू १.१ टक्के, ज्यांची पातळी त्यावर जात राहिली त्यांच्यात ११ टक्के. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. ज्यांचा आजारच तीव्र होता त्यांची साखर त्यामुळेच चढली असणार, हा आक्षेप रास्त आहे, आणि सगळा फरक साखरेच्या खात्यावर टाकता येणार नाही. तरी माझा अनुभव त्याच दिशेचा आहे, आणि साखर १८० च्या आत ठेवायला कुणाचं काही बिघडत नाही. १०० च्या खाली दाबण्याच्या मागे मात्र लागू नये. आजारात अन्न-पाण्याचा भरवसा नसतो आणि हायपोग्लायसेमिया, म्हणजे साखर फार उतरणं, त्या रात्रीच जीव घेऊ शकतो.

तापात खाण्यापिण्याबद्दल दोन टोकं दिसतात. एक, लंघन. दुसरं, साखर वाढेल या भीतीने कर्बोदकं पूर्ण बंद. दोन्ही नकोत. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये उंदरांवर केलेला प्रयोग मला फार बोलका वाटतो: जिवाणूंच्या संसर्गात ग्लुकोज दिल्याने उंदरांचं नुकसान झालं, पण इन्फ्लुएंझात ग्लुकोजने त्यांना तगवलं, आणि ग्लुकोजचा वापर अडवल्यावर फ्लू झालेले उंदीर मेले. विषाणूशी लढताना मेंदूला आणि इतर पेशींना इंधन लागतंच. उंदरावरून माणसाचा आहार ठरत नाही, पण तापात उपाशी राहण्याला आधार नाही एवढं म्हणता येतं. थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, मऊ आणि प्रथिनं असलेलं खा. पाणी भरपूर घ्या, लघवी पिवळीजर्द होऊ देऊ नका. गोड सरबतं, रस आणि ग्लुकोज पावडर मात्र साखर उतरली असेल तरच.

औषधांबाबत, हे मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्या वाचकांसाठी. इन्शुलिन आपल्या मनाने कधीच बंद करू नका. टाइप १ मध्ये तर एक दिवसही नाही. जेवण कमी झालं तर जेवणापूर्वीचा डोस डॉक्टरांना विचारून घटवता येतो, दिवसभर पुरणारं बेसल इन्शुलिन चालूच राहतं. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या मात्र ताप, उलट्या, खाणं तुटलेलं असेल तेव्हा थांबवाव्या लागतात. कारण या गोळ्यांवर साखर २०० च्या आसपास असतानाही कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्त धोकादायक आम्ल होण्याचा आजार, होऊ शकतो. साखरेचा आकडा फसवतो आणि निदान चुकतं. अशा वेळी मळमळ, पोटदुखी, खोल भराभर श्वास दिसला तर कीटोन तपासा. रक्तातले कीटोन १.५ च्या वर असतील तर डॉक्टरांना लगेच कळवा, ३ किंवा वर असतील तर थेट रुग्णालय. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं असेल तर मेटफॉर्मिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याही तात्पुरत्या थांबवतात. कोणत्या, हे तब्येत बरी असतानाच विचारून कागदावर लिहून ठेवा. तापाच्या रात्री दोन वाजता ते शोधत बसणं फार अवघड असतं. सर्दीच्या गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं, त्याने रक्तदाब चढतो. तुम्ही स्वतः ती टाळा.

आता तुमचा मेटफॉर्मिनचा प्रश्न. अमेरिकेतल्या कोव्हिड-आउट चाचणीत वजन जास्त असलेल्या प्रौढांना आजाराच्या सुरुवातीलाच मेटफॉर्मिन दिलं होतं. चाचणीचं जे मुख्य मोजमाप ठरवलं होतं त्यात फरक पडला नाही, पण पुढच्या दहा महिन्यांत लाँग कोव्हिडचं (कोव्हिडनंतर महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या त्रासाचं) निदान १०.४ टक्क्यांऐवजी ६.३ टक्के लोकांत झालं. आशादायक आहे, पण दर सर्दीतापाला मेटफॉर्मिन सुरू करावं असा याचा अर्थ होत नाही. डापाग्लिफ्लोझिन भरती रुग्णांना देऊन पाहिलं, ठोस फायदा निघाला नाही. सेमाग्लूटाइड या वजन आणि साखर उतरवणाऱ्या औषधाच्या सिलेक्ट चाचणीत १७,६०४ लोक होते, वजन जास्त, हृदयविकार, पण मधुमेह नाही. ती चालू असतानाच कोव्हिड आला. सेमाग्लूटाइड घेणाऱ्यांत लागण कमी झाली नाही, कोव्हिडमुळे होणारे मृत्यू मात्र ३४ टक्क्यांनी कमी झाले. लागण तेवढीच आणि तीव्रता कमी, हे शस्त्रक्रियेच्या अभ्यासातलंच चित्र इथे पुन्हा दिसतं. दोन अगदी वेगळ्या वाटांनी आलेले निष्कर्ष एकाच जागी मिळतात, म्हणून माझा त्यावर विश्वास बसतो.

तुमच्यासाठी मेटफॉर्मिनचा विचार मधुमेह टाळण्याच्या अंगाने करायला हवा, आणि तिथे पुरावा जुना व भक्कम आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी मधुमेह प्रतिबंध चाचणीत तुमच्यासारख्याच अवस्थेतले ३,२३४ लोक होते. आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम आणि ७ टक्के वजन उतरवण्याचं उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. म्हणून मी तुम्हाला आधी सहा महिने चालायला सांगेन आणि गोळीचं नंतर बघू.

चालण्याचा फायदा वजन उतरण्याआधीच सुरू होतो. काम केलेला स्नायू पुढचे २४ ते ४८ तास रक्तातली साखर जास्त सहज उचलतो, म्हणजे एक दिवसाआड व्यायाम केला तरी हा परिणाम तुटत नाही. कॅलिफोर्नियातल्या ४८,४४० कोव्हिड रुग्णांच्या नोंदींमध्ये, आधीची दोन वर्षं सतत निष्क्रिय असलेल्यांचा मृत्यूचा धोका नियमित १५० मिनिटं व्यायाम करणाऱ्यांच्या सुमारे अडीचपट होता. व्यायाम करणारे लोक इतर बाबतींतही निरोगी असतात हे धरूनही हा फरक मोठा आहे. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला, आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा किंवा उठाबशांसारखा व्यायाम करा. जिन्यात दम लागत असेल तर आधी ईसीजी आणि तपासणी. ताप असताना मात्र व्यायाम पूर्ण बंद, आणि ताप उतरल्यावर हळूहळू.

झोपेकडेही पाहा. २०१५ मध्ये १६४ निरोगी स्वयंसेवकांच्या झोपेची आठवडाभर मनगटी यंत्राने नोंद घेतली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. लागण होणं-न होणं थोडंफार आपल्या हातात असल्याचं मला दिसतं ते इथे. शिवाय कमी झोपेने इन्शुलिन रेझिस्टन्सही वाढतो.

लस घ्याच, दरवर्षी. तीत एक बारकावा आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात लस घेतल्यावर लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात अँटीबॉडी चांगल्या तयार झाल्या होत्या, तरीही त्यांच्यापैकी ९.८ टक्क्यांना फ्लू किंवा फ्लूसारखा आजार झाला. प्रमाणित वजनाच्या गटात हेच प्रमाण ५.१ टक्के होतं. दोष टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींच्या कामात असावा असं दिसतं. यावरून ‘मग लस कशाला’ असं कुणी म्हटलं तर ते उलटं आहे. तुमचं संरक्षण थोडं पातळ आहे म्हणून घरातल्या सगळ्यांनी घ्यावी, आणि न्यूमोकोकसची (न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूविरुद्धची) लस तुम्हाला लागू होते का हेही विचारावं. निकाराग्वातल्या मानाग्वा शहरात घराघरांत केलेल्या अभ्यासात, लक्षणं असलेल्या लठ्ठ प्रौढांच्या शरीरातून इन्फ्लुएंझा ए चा विषाणू इतरांपेक्षा ४२ टक्के जास्त काळ बाहेर पडत राहिलेला आढळला. त्यामुळे ताप गेल्यावरही आणखी दोन-चार दिवस मास्क ठेवलात तर घरातल्या वडीलधाऱ्यांवर उपकार होतील.

तुमचा महिनाभराचा खोकला मी चयापचयाच्या माथी मारणार नाही. विषाणूनंतरचा खोकला तीन ते आठ आठवडे टिकणं निरोगी माणसातही नेहमीचं आहे. पण तुमची रक्तदाबाची गोळी कोणती, ते आधी पाहा. नाव ‘प्रिल’ने संपत असेल, जसं रामिप्रिल, एनालाप्रिल, तर कोरड्या खोकल्याचं ते अगदी ठरलेलं कारण आहे आणि गोळी बदलली की काही आठवड्यांत तो जातो. पोट सुटलेल्यांत अन्ननलिकेत वर येणारं आम्ल हेही एक कारण. खोकला पहाटे वाढतो का, छातीत शिट्टी वाजते का हे सांगा, दमा तपासायला हवा. दोन-तीन आठवड्यांच्या पुढे खोकला, सोबत वजन घटणं, संध्याकाळचा ताप किंवा थुंकीत रक्त असेल तर छातीचा एक्सरे आणि थुंकीची तपासणी लगेच. साखर वाढलेल्या माणसात क्षयरोगाचा धोकाही जास्त असतो.

पुढच्या वेळी ताप आला तर पहिल्या ४८ तासांत डॉक्टरांना गाठा. फ्लूवरचं ओसेल्टामिव्हिर त्या मुदतीत सुरू झालं तर उपयोगी पडतं, आणि मधुमेह किंवा अतिलठ्ठपणा असलेल्यांना ते देण्याकडे कल असतो. घरी पल्स ऑक्सिमीटर ठेवा. ९४ च्या खाली आकडा टिकून राहिला, बोलताना वाक्य तुटायला लागलं, गोंधळल्यासारखं झालं किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर वाट पाहू नका. त्वचा गडद असेल तर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, त्यामुळे आकडा चांगला आणि माणूस बरा वाटत नाही अशा वेळी माणसाकडे पाहा.

आजार संपल्यावर एक काम उरतं. तापात साखर चढलेली दिसली तर ती आजारापुरती होती की मधुमेह आधीपासूनच होता, हे एचबीएवनसीवरून कळतं, कारण ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. आजारात ती ६.५ किंवा वर आली तर मधुमेह आधीचाच. त्याखाली आली आणि ग्लुकोमीटर मात्र २०० दाखवत होता, तर तीन महिन्यांनी पुन्हा करा. कोव्हिडनंतरच्या वर्षभरात नव्याने मधुमेह होण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेला अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या मोठ्या नोंदीत आढळला होता, तेव्हा ही तपासणी टाळू नका. तुमच्या बाबतीत आत्ता लगेच एचबीएवनसी, उपाशीपोटीचं लिपिड, यकृताच्या तपासण्या, क्रिएटिनिन आणि कंबरेचं माप एवढं करा, रक्तदाबाच्या गोळीचं नाव कळवा, आणि चालायला लागून तीन महिने झाले की एचबीएवनसी पुन्हा करून दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून आपण बोलू.